कोर्टाच्या कागदात नदी नाही

लाइल हॉगनला विचारा, राहतोस कुठे, तर तो तोंड उघडायचे कष्ट घेत नाही. हनुवटी नदीकडे वळवतो. कॅनडाच्या पार उत्तरेतल्या या डॉसन गावात तेवढं पुरतं.

गाव एका काठाला. मधे युकॉन नदी, मातकट, रुंद, कायम घाईत. समोरच्या काठावर स्प्रूसच्या झाडीत पांगलेली काही घरं, त्यांना ना नळ, ना वीज, ना पूल. उन्हाळाभर फेरीबोट फुकटात नेते-आणते. हिवाळ्यात नदी गोठली की तिच्यावरनंच गाड्या जातात. आणि या दोन्हीच्या मधे, हिवाळा यायच्या आधी एकदा आणि तो जाताना एकदा, बोट पण नाही आणि धड बर्फ पण नाही. त्या दिवसांत पलीकडचा पलीकडे आणि गावातला गावात. पीठ, गॅसच्या टाक्या, कुत्र्यांचं खाणं आधीच भरून ठेवायचं आणि गप पडून राहायचं. यात इथं कुणाला काही विशेष वाटत नाही. वाटलं असतं तर पुढचं सगळं झालंच नसतं.

लाइल मूळचा सस्काचेवानचा. गव्हाची शेतं, बापाशी भांडण, शाळा अर्धवट. एक उन्हाळा सोन्याच्या नाल्यावर मशीन चालवायची आणि परत जायचं, असं ठरवून एकोणिसाव्या वर्षी इथं आला. उन्हाळा गेला, हा राहिला. आता चाळिशी उलटली. उन्हाळ्यात दुसऱ्याच्या खाणीवर माती उपसतो, थंडीत लाकडं तोडून गावात विकतो. उजवा गुडघा चढावर कुरकुरतो. बोलणं कमी, जेवण थंड, कारण ताट पुढे आलं की हटकून काहीतरी दुरुस्त करायचं आठवतं. गावातले म्हणतात, माणूस घुम्या आहे. म्हणू दे. गावातल्या निम्म्या चुली याच्या लाकडांवर पेटतात.

हेदर इथं आली ती हॉटेलात वेटरचं काम करायला, तीही एका उन्हाळ्यासाठीच. दोघांनी मिळून पलीकडचं घर बांधलं. मग ओपल झाली. ती अजून वर्षाची व्हायची होती, तेव्हा ऑक्टोबरात एका दुपारी तापली आणि तिचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. बोट काढून ठेवलेली, नदीत बर्फाचा लगदा वाहतोय. लाइलनं दोघींना होडीत घातलं आणि पार नेलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाला, वेळेत आलात. गावानं पाठ थोपटली. हेदरनं नाही थोपटली. होडीच्या मधोमध, पोरीला जॅकेटच्या आत धरून, सगळा वेळ ती याच्या तोंडाकडे बघत बसली होती. पुढे कोर्टाच्या कागदात तिनं लिहिलं, ‘त्या वेळी तो हसत होता.’

लाइल म्हणतो, हसत नव्हतो, थंडीनं दात आवळले होते. पण आता दातांचा खुलासा कोर्टात कसा करणार.

त्यानंतर काही वर्षं तिनं काढली. पाणी वाहिलं, लाकडं वाहिली. मग एका वसंतात, पहिल्या बोटीनं, ओपलला घेऊन गावात गेली आणि दवाखान्याच्या कचेरीत नोकरी धरली. भांडण असं झालंच नाही. दमली होती, एवढंच.

कोर्ट व्हाइटहॉर्सला, दिवसभराच्या अंतरावर. म्हणून सगळं फोनवर. जजबाई तिकडे, हे दोघं इकडे एका खोलीत, टेबलाच्या दोन टोकांना, मधे स्पीकर. लाइलला सरकारकडनं वकील मिळाला होता, तोही फोनवर, आणि बोलण्यापेक्षा खोकायचा जास्त.

जजबाईंनी विचारलं, “तुमची घरं एकमेकांपासून किती लांब आहेत, मिस्टर हॉगन?”

लाइल म्हणाला, “माझ्या दारातून तिच्या घराचं धुराडं दिसतं.”

“अरे वा. मग सोपंच आहे.”

आणि जजबाईंनी सोपं लिहिलं. एक सोडून एक शनिवार-रविवार ओपल बापाकडे. शुक्रवारी शाळा सुटल्यावर न्यायची, रविवारी संध्याकाळी सहाला आईच्या दारात आणून सोडायची. नदीचं कुणी बोललंच नाही. लाइल नाही बोलला, कारण नदी काय सांगायची असते होय. हेदर नाही बोलली, कारण तीही एव्हाना इथलीच झाली होती. व्हाइटहॉर्सच्या बाईंना कुठनं कळणार. सही झाली, शिक्का झाला, कागद झाला.

पहिल्याच हिवाळ्यात कागद आपटला. नदी गोठेपर्यंत लाइलला पोरगी दिसली नाही. बुडलेले दिवस भरून द्या म्हणून त्यानं विचारलं, तर हेदरच्या वकीलबाईंनी कळवलं की आदेशात तशी सोय नाही. वसंतात बर्फ सुटत होता तेव्हा तो ओपलला वरच्या अंगानं, जिथं बर्फ अजून धरून होता तिथनं, खूप लांबचा वळसा घालून पायी घेऊन आला. पोरगी ओलीचिंब, उशीर झालेला. तेही लिहिलं गेलं. मग उन्हाळ्यात हेदरनं नवा अर्ज टाकला. बापानं मुलीला गावातच भेटावं, दिवसाउजेडी. रात्री नदीपलीकडे ठेवू नये. सुनावणी डिसेंबरात.

म्हणजे ओपलनं त्या घरात झोपायचं की नाही, माळ्यावरची तिची गादी, तिनं भिंतीवर खिळ्यानं कोरलेली मूस, म्हणजे इकडचं घोड्याएवढं सांबर, हे सगळं राहणार की जाणार, ते डिसेंबरात ठरणार होतं. लाइल कुणाला काही बोलला नाही. फक्त त्या शरदात त्यानं विकायची लाकडं सोडून आधी घराला नवा दरवाजा बसवला. जुन्यातनं वारा यायचा, आणि पोरीच्या छातीला वारा चालत नाही.

ऑक्टोबरातल्या त्या शुक्रवारी तो ओपलला शाळेतून घेऊन बोटीवर चढला. ओपल आठ वर्षांची, पुढचे दोन दात नवे, पाठीवर स्वतःएवढं दप्तर. नदीत बर्फाच्या चकत्या फिरायला लागल्या होत्या, बोटीच्या पत्र्याला घासून आवाज करत होत्या.

बोटीवरचा डेस दोर सोडता सोडता म्हणाला, “मंगळवारपर्यंत चालवू म्हणतायत साहेब.”

“नदी काय म्हणतेय?” लाइल म्हणाला.

“नदी साहेबांना विचारून सांगते म्हणाली.”

ओपल म्हणाली, “डेसकाका, तुझी मिशी गोठलीय.”

“तुझी नाही गोठली का?”

“मला नाहीये.”

“येईल. बापाकडे राहशील तर येईल.”

लाइलनं कान देऊन ऐकलं. पलीकडचे लोक नदी कानानं वाचतात. लगदा पातळ असला की सळसळतो, दाट झाला की करकरतो. लाइलच्या कानाला अजून दोन-तीन दिवसांची सळसळ वाटली. मंगळवार म्हणतायत तर रविवारची चिंता नाही. वीस वर्षांत कान चुकला नव्हता. माणूस जुना झाला की असाच फसतो.

रविवारी दुपारपर्यंत दोघं वर टेकाडावर लाकडं तोडत होते. म्हणजे लाइल तोडत होता आणि ओपल रचत होती, आणि रचताना प्रत्येक ओंडक्याला नाव ठेवत होती. करवतीच्या आवाजात खाली काय चाललंय कळायला मार्ग नव्हता. रेडिओ घरात, बंद. जेवले, ओपलनं दप्तर भरलं, आणि दोघं उतार उतरून धक्क्यावर आले.

बोट नव्हती. समोरच्या काठावर, पाण्यापासून वर ओढून ठेवलेली दिसत होती, मेलेल्या माशासारखी आडवी. वरच्या नद्यांचा बर्फ सकाळी एकदम खाली आला होता आणि साहेबांनी मंगळवारची वाट बघितली नव्हती. नदीभर राखाडी लगदा, जाड, आणि तो आता सळसळत नव्हता.

“बाबा,” ओपल म्हणाली, “आई तिथंय.”

समोर बोटीशेजारी हेदरची गाडी, आणि गाडीपुढे लाल कोट. बोटाएवढा.

लाइलचा फोन धक्क्यावरच लागतो, घरात नाही. खिशातनं काढला तोवर वाजायलाच लागला. हातात जाड मोजे होते म्हणून त्यानं नाकानं बटण दाबून स्पीकर लावला.

“कुठं आहेस?” हेदर.

“काठावर.”

“कुठल्या?”

“माझ्या. दिसतोय की तुला.”

“दुपारपासून रेडिओवर सांगतायत, लाइल. अख्ख्या गावाला माहितीये.”

“वर लाकडं तोडत होतो.”

“तू कायम वर लाकडंच तोडत असतोस.”

लाइलनं फोन दुसऱ्या हातात घेतला.

“मुद्दाम केलंस,” ती म्हणाली.

“मंगळवार म्हणाले होते.”

“आणि तू ऐकलंस? आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं ऐकलंस, ते पण आज?” तिचा आवाज चढला नव्हता, तो नेहमीसारखा सपाट, दमलेला होता. “आता ती तिकडे सहा आठवडे अडकणार. तिची शाळा आहे. डिसेंबरात मी त्या बाईंना काय सांगू? की नदीनं ठेवून घेतली?”

“हेदर...”

“सहा म्हणजे सहा. होडी आहे ना तुझी? मग आण. तेव्हा नाही का आणलीस. हसत हसत आणलीस.”

लाइलनं फोन जॅकेटच्या वरच्या खिशात तसाच चालू ठेवला आणि होडीकडे गेला. ती झुडपाशी पालथी होती. सुलटी केली, पाण्यापर्यंत ओढली. रस्ता त्याला ठाऊक होता. मोठ्या खडकापाशी पाण्यात घालायची, नाक वरच्या अंगाला ठेवायचं, नदी खाली ढकलते तेवढी ढकलू द्यायची, आणि गावाच्या खालच्या टोकाला लागायचं. चारदा केलं होतं त्यानं हे. दोनदा एकटा, एकदा एका म्हाताऱ्याच्या इन्शुलिनसाठी, आणि एकदा ते.

पोहोचवली नाही, तर कोर्टात लिहिलं जाणार की बापानं मुलगी दाबून ठेवली. होडीतनं नेली, तर हेदरनं लिहिलेला शब्दन् शब्द खरा. दोन्हीकडून पोरगी जात होती. हे त्याला कळत होतं, आणि ते कळून घ्यायचाही कंटाळा आला होता. वर्षभर हेच. जे करावं ते कुणीतरी लिहून घेतं.

मागं वळला तर ओपल होडीत जाऊन बसलेली. लाइफ जॅकेट स्वतःच चढवलेलं, टोपी कानावर ओढलेली, आणि दप्तर जॅकेटच्या आत घालून दोन्ही हातांनी धरलेलं. मधोमध. अगदी तिथंच, तश्शीच, आई बसली होती तशी. तिला कुणी शिकवलं नव्हतं.

लाइलनं वल्हं उचललं. ओपल त्याच्या तोंडाकडे बघत होती.

“बाबा, तू हसतोयस का?”

“नाही.”

“मग दात का असे केलेत?”

“थंडी आहे.”

“मला पण,” ओपल म्हणाली. मग जरा वेळानं, “मला भीती वाटतीये, पण आईला सांगू नको.”

खिशातल्या फोनमधनं काही आवाज आला नाही. पण फोन चालू होता.

लाइलनं वल्हं खाली टाकलं. पोरीला काखेत धरून उचललं, दप्तरासकट, आणि वाळूवर ठेवलं. होडी ओढत वर नेली, पालथी घातली, हिवाळ्यात घालून ठेवतात तशी, आणि तिच्यावर बसला. गुडघा कुरकुरला. मग फोन काढला.

“नाही आणत,” तो म्हणाला.

त्यानं पोरीची टोपी नीट केली.

“तुझ्या वकीलबाईंना सांग, सहाला दारात आणली नाही. लिहा म्हणावं. मी नाही म्हणणार नाही.”

समोरचा लाल कोट हलत नव्हता. मधनं बर्फ करकरत चालला होता, गावाएवढा.

मग हेदरनं विचारलं, “तिचा श्वासाचा पंप आहे का जवळ?”

“दोन आहेत. एक घरात, एक दप्तरात.”

“लोकरीचे मोजे?”

“आहेत.”

“शाळेचं काय?”

“बर्निसमावशी आहे शेजारी.”

“बर्निस तिला शिव्या शिकवेल.”

“त्या तिला येतात,” लाइल म्हणाला.

हेदर हसली की नाकातनं श्वास सोडला, ते इतक्या लांबनं कळलं नाही. “उद्या सहाला इथं ये,” ती म्हणाली. “तिला घेऊन. रोज ये. मला ती दिसली पाहिजे.”

आणि असं रोजचं सुरू झालं.

आता कुणाला वाटेल, बापलेकीची मजा झाली असेल. तसलं काही झालं नाही. लाइल मेटाकुटीला आला. पोरीला एकटी सोडून लाकडं तोडायला जाता येईना, आणि लाकडं विकायला गावात नेता पण येईना. पाणी तापवा, अंघोळ घाला, ओले मोजे चुलीवर, करपले की दुसरे. मूसचं मटण पहिल्या आठवड्यात आवडीनं गेलं, दुसऱ्यात ओपल ताटाकडे बघून म्हणाली, “पुन्हा हाच प्राणी?” केसांच्या गाठी सोडवता सोडवता दोघं रडकुंडीला यायचे. शेवटी बर्निसनं कुत्र्यांचे केस कापायची कात्री आणली आणि पोरीचं डोकं मानेपर्यंत छाटून टाकलं.

बर्निस शेजारीण. सत्तरीची, नऊ कुत्री, नवरा एकही नाही. सकाळी ती ओपलला गणितं घालायची, तीही कुत्र्यांची. नऊ कुत्री, प्रत्येकाला दोन मासे, बापानं तीन मासे चोरून खाल्ले तर उरले किती.

“बाबा मासे चोरत नाही,” ओपल म्हणायची.

“गणितात चोरतो. लिही.”

लाइलला ती म्हणाली, “कोर्टात विचारलं ना, तर सांग, समन्स नदीवर काढा म्हणावं. मी साक्षीला येते. चाळीस वर्षं ओळखते तिला. बाई कुणाचं ऐकत नाही.”

“मावशी, तू साक्षीला आलीस तर मला जेलमध्ये टाकतील.”

“टाकू देत. निदान गरम असतं तिथं.”

एका संध्याकाळी ओपल ऐकेचना. मला आईकडे जायचंय, मला आईकडे जायचंय. चुलीपाशी बसून तेच, तेच, हुंदक्यांवर हुंदके. लाइल दिवसभर पाणी ओढून आला होता. तो म्हणाला, “मलाही वाटतं, तू जावंस.”

म्हणायचं तसं नव्हतं. पण तोंडातनं गेलं. ओपल एकदम गप्प झाली आणि माळ्यावर चढून गेली. लाइल शिडीशी उभा राहिला, वर जावं की नको. मग वर गेला, तिच्या गादीशी जमिनीवर बसला. भिंतीवरची खिळ्यानं कोरलेली मूस दाखवून म्हणाला, “हिला शेपूट नाहीये.”

“मूसला एवढीशीच असते,” अंधारातनं ओपल म्हणाली. “तुला माहीत नाही का?”

“विसरलो.”

“तू दमलायस.”

“हो.”

“आई पण दमते,” ओपल म्हणाली. “तेव्हा मी गप्प बसते.”

हे ऐकून त्याला जास्तच वाईट वाटलं.

पण रोज सहाच्या ठोक्याला दोघं धक्क्यावर. दिवस आखडत गेला तसं सहाला दाट काळोख पडायला लागला. मग हेदरला पोरगी दिसेना. तेव्हा हेदरनं गाडीचे दिवे लावले, विझवले, पुन्हा लावले. ओपलनं लाइलच्या कपाळाचा दिवा काढून घेतला आणि तिनंही तसंच केलं. फोनवर बोलणं व्हायचं, ते व्हायचंच, गणितं, सर्दी, कुत्री. पण फोन बंद झाला तरी दिवे चालू राहायचे. इकडनं दोनदा, तिकडनं दोनदा. लाइल बाजूला उभा राहून पाय आपटत राहायचा. अंगठे बधिर व्हायचे. घरी चल म्हणायचा त्याला धीर नव्हता.

नोव्हेंबर संपत आला तेव्हा नदी थांबली. एका सकाळी आवाजच आला नाही, म्हणून लाइल उठून बसला. तरी त्यानं घाई केली नाही. या वेळी कानावर विसंबला नाही. तीन दिवस एकटा पहार घेऊन बर्फावर गेला, पाऊल टाकायचं, पहार आपटायची, पुन्हा पाऊल. पातळ जागा सोडून वळसे घेत वाट काढली. चौथ्या दिवशी ओपलला दोरानं कमरेला बांधलं, स्लेजवर स्प्रूसच्या फांद्या घेतल्या आणि दोघं निघाले. वाट काढणाऱ्यानं मागच्यासाठी फांद्या रोवत जायचं असतं, नाहीतर वाऱ्यानं वाट पुसते आणि माणूस भलतीकडे जातो. रोवायचं काम ओपलनं घेतलं. प्रत्येक फांदीला तिनं नाव ठेवलं.

हेदर काठावर उभी होती. बर्फावर तिनं पाय ठेवला नाही. ओपल शेवटची पावलं पळाली, दोर ताणला, लाइल मागनं ओढला गेला. हेदरनं पोरीला कवटाळलं, मग लांब धरून बघितलं.

“केस कुणी कापले?”

“बर्निस आजीनं. कुत्र्यांच्या कात्रीनं.”

हेदरनं लाइलकडे बघितलं. बरंच काही म्हणता आलं असतं. ती म्हणाली, “पाय ओले आहेत तुझे. गाडीत बस जरा.”

“नको,” लाइल म्हणाला. “बसलो तर उठायचो नाही.”

पुढच्या आठवड्यात सुनावणी. तीच खोली, तेच टेबल, तोच स्पीकर. वकिलांनी आपापलं वाचून दाखवलं. लाइलचा वकील खोकला. मग जजबाई म्हणाल्या, “मिसेस हॉगन, रविवारी मुलीला आणायला वडिलांनी नकार दिला, हे खरं आहे?”

“खरं आहे,” हेदर म्हणाली.

लाइल टेबलावरच्या ओरखड्याकडे बघत होता.

“तुम्ही त्यांना आणायला सांगितलं होतं?”

“हो. होडीतनं आण म्हणाले होते.”

“आणि ते नाही म्हणाले.”

“हो.”

तिकडे कागद चाळल्याचा आवाज. हेदरच्या वकीलबाई काहीतरी बोलायला लागल्या, पण हेदर थांबली नव्हती. ती हळू म्हणाली, “मी रागानं म्हणाले होते. नदीत बर्फ होता. त्यानं आणली असती तर आज ती असती की नाही, माहीत नाही. नाही आणली ते बरं केलं.” मग जरा थांबून, “हे पण लिहा.”

पहिल्यांदाच जजबाईंनी नदीबद्दल विचारलं. पूल का नाही, बोट कधी थांबते, बर्फावर गाडी कधी जाते. मग म्हणाल्या, “म्हणजे साधारण कुठल्या तारखेला गोठते?”

“सांगता येत नाही,” लाइल आणि हेदर एकदमच म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. कित्येक वर्षांत कुठल्या गोष्टीवर त्यांचं असं जुळलं नव्हतं.

“मला तारीख लिहावी लागेल,” जजबाई म्हणाल्या.

मग लिहिली एक. ऑक्टोबरच्या मध्यापासून बर्फ पक्का होईपर्यंत ओपल आईकडे, शाळेपाशी. वसंतातही तसंच. बाकीच्या दिवसांत बापाकडे एक सोडून एक शनिवार-रविवार, आणि रात्री नदीपलीकडे राहायला हरकत नाही. पण आईचे सहा आठवडे बुडाले होते, ते भरून द्यायला हवेत. म्हणून फेब्रुवारी संपेपर्यंत बापाकडे जाणं बंद. लाइलला मान्य आहे का?

वकील खोकला. लाइल म्हणाला, “मान्य आहे.” दुसरं काय म्हणणार होता. गादी राहिली, मूस राहिली. पोरगी मार्चमध्ये येणार.

बाहेर आल्यावर हेदर गाडीची चावी चाचपत म्हणाली, “ती तारीख चुकणार आहे.”

“हो.”

“बघू मग पुढच्या वर्षी.”

“बघू,” लाइल म्हणाला, आणि निघाला.

बर्फावरनं एकटाच, रिकामी स्लेज ओढत. अंधार पडलेला. मधे कुठेतरी ओपलनं रोवलेली फांदी कलली होती, ती सरळ केली, बुटानं भोवती बर्फ दाबला. नाव आठवत नव्हतं तिचं. घरी आला, चूल पेटवली, बूट काढले, बधिर अंगठे चोळले, कालच्या मटणाचं भांडं चुलीवर ठेवलं. सहा वाजत आले होते. आज जायचं काही कारण नव्हतं. तो बसून राहिला. मग बसवेना. शिव्या घालत बूट पुन्हा चढवले, कपाळाला दिवा बांधला, भांडं बाजूला सरकवलं आणि उतार उतरून धक्क्यावर आला.

समोर गाडीचे दिवे लागले. विझले. लागले. हेदर लावायची त्यापेक्षा घाईघाईत, वेडेवाकडे, मधेच एकदा हॉर्न. स्टिअरिंगमागे कोण बसलंय, ते कळायला काही फार अक्कल लागत नव्हती.

लाइलनं दिवा विझवला, लावला. दोनदा. तिकडनं दोनदा. पुन्हा दोनदा. गुडघा दुखत होता, मटण थंड होत होतं, आणि फेब्रुवारी संपेपर्यंत संध्याकाळी लवकर बूट काढणं आता काही नशिबात नव्हतं. तो पाय आपटत उभा राहिला, तिकडचे दिवे थांबेपर्यंत.